माझी मुलगी आणि आपल्या मुली

(हरसूल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप गोषवारा)

वनहक्क, रोजगार हमी आणि रेशनव्यवस्था अशा विषयांच्या जोडीला मुलींच्या शालेय क्रीडास्पर्धा हा विषय पाहून तुमच्यापैकी काहींना तो किरकोळ वाटला असेल. शर्यतीत कोण पात्र आणि कोण अपात्र, हा वाद शिक्षकांनी व पालकांनी आपसात मिटवावा, त्यात राजकीय कार्यकर्त्याचे काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, न्याय हा शब्द आपण रोज वापरतो; त्याची परीक्षा पाहण्यास शाळेच्या मैदानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तेथे नियम थोडे असतात, स्पर्धा उघड्यावर होते आणि निकाल ताबडतोब लागतो. आणि मैदानाच्या कडेला उभे राहून न्यायाची भाषा मोठ्याने बोलणारे बहुतेक लोक तेथे धावणाऱ्या कोणा ना कोणा मुलीचे आईबाप असतात.

हा विषय हरसूलला बोलण्यास आणखी एक कारण आहे. याच परिसरातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेच्या धावपट्टीवर भारतीय स्त्रीने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक होते. त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराच्या शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. २०१२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव तुम्ही सर्व जण अभिमानाने घेता आणि ते योग्यच आहे. परंतु एका मुलीच्या यशातून समाज दोन अनुमाने काढू शकतो. एक असे की, ती पोहोचली त्या अर्थी वाट मोकळी आहे. दुसरे असे की, एवढ्या अडचणींतून एक पोहोचली त्या अर्थी अडलेल्या कितीतरी असतील. पहिले अनुमान सुखाचे आहे, दुसरे खरे आहे. मी आज दुसऱ्याविषयी बोलणार आहे.

प्रथम या वादाची आर्थिक बाजू पाहू. खेळ हा आज निव्वळ आनंदाचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या चार पायऱ्यांवर मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने महाविद्यालयातील प्रवेशाचे आणि पुढे सरकारी नोकरीचे दार झाले आहे. जेथे दार अरुंद तेथे धक्काबुक्की ठरलेली. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे दाखवून शासकीय नोकऱ्या पटकावल्याची प्रकरणे आपल्याच राज्यात उघडकीस आली. ज्यांनी ती प्रमाणपत्रे घेतली त्यांच्यापैकी कोणी खेळावरच्या प्रेमापोटी ती घेतली असेल, असे मानण्याचे कारण नाही.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली एका ग्रंथात काही वस्तूंना ‘स्थानाधिष्ठित’ म्हटले. धान्य अधिक पिकले तर सर्वांच्या ताटात अधिक पडू शकते. पहिला क्रमांक मात्र कितीही पिकवता येत नाही. सभेत पुढच्या रांगेतील माणसे टाचा उंचावून उभी राहिली की मागच्यांनाही टाचा उंचावाव्या लागतात आणि अखेरीस कोणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही, असा दृष्टान्त त्याने दिला आहे. शहरातील पालक मुलीसाठी खासगी प्रशिक्षक ठेवतो, परदेशी बूट आणतो, आहारतज्ज्ञाचा सल्ला घेतो. मग शेजाऱ्यालाही तेच करावे लागते. या चढाओढीत जो खर्च करू शकत नाही तो बाहेर पडतो. आणि जो खर्च करून बसला आहे त्याला, आपली मुलगी हरली तर, कोठेतरी अन्याय झाला असेलच असे वाटू लागते.

काही वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून बसलो होतो. तीन हजार मीटरच्या शर्यतीत डोंगराकडील एका शाळेची मुलगी बऱ्याच अंतराने पहिली आली. दुसऱ्या आलेल्या मुलीच्या वडिलांनी लागलीच लेखी हरकत घेतली. विजेत्या मुलीपाशी जन्मदाखला नाही, केवळ शाळेचा बोनाफाईड आहे, तिचे वय अधिक असणार, आणि नियम म्हणजे नियम, असे त्यांचे म्हणणे होते. तासाभराने त्याच गृहस्थांना कळले की आपल्या मुलीचे दुसऱ्या शर्यतीसाठीचे नाव मुदतीनंतर आल्यामुळे यादीत घेतलेले नाही. ते पुन्हा टेबलाशी गेले आणि म्हणाले, “अहो, नियम मुलांसाठी असतात, मुले नियमांसाठी नसतात!” दोन्ही वेळा त्यांच्या स्वरात सारखीच कळकळ होती. मला ते गृहस्थ ढोंगी वाटले नाहीत. माणसाला आपल्या अपत्याचे हित आणि न्याय या दोन गोष्टी एकाच चेहऱ्याच्या दिसतात, आणि ही भूल तुम्हाआम्हां सर्वांना पडते.

ही भूल ओळखण्यासाठी तत्त्वज्ञांनी साधने देऊन ठेवली आहेत. बाजारपेठेचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या अॅडम स्मिथने १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात निःपक्षपाती प्रेक्षकाची कल्पना मांडली. स्वतःच्या वर्तनाकडे त्या तिऱ्हाईताच्या डोळ्यांनी पाहा, असे त्याचे सांगणे होते. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये विचारले की, समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नसताना तुम्ही कोणते नियम मान्य कराल? आपल्या विषयापुरता हा प्रश्न असा मांडता येईल : आपली मुलगी यंदा पहिली येणार की शेवटची, ती नाशिकच्या बंगल्यात वाढणार की पाड्यावर, हे मुळीच ठाऊक नसते तर तुम्ही हीच हरकत घेतली असती काय? उत्तर ‘होय’ असेल तर ती हरकत न्यायाची आहे, मग ती घेणाऱ्याचा त्यात लाभ असला तरी चालेल. उत्तर ‘नाही’ असेल तर न्यायाचे केवळ नाव घेतले जात आहे.

ही कसोटी आता वयाच्या वादाला लावू. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. तेरा वर्षांच्या मुलीला सोळा वर्षांच्या मुलीबरोबर धावावे लागणे हा खरोखर अन्याय आहे. वयचोरी आपल्या देशात सर्रास चालते म्हणूनच केंद्रीय क्रीडा मंत्रालयाला २०१० साली तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता करावी लागली. तेव्हा हरकत घेणारा प्रत्येक पालक स्वार्थी, असे म्हणून आपणास सुटता येणार नाही. पण ही हरकत कोणाच्या डोक्यावर पडते तेही पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात हजारो माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडत. मूल दाखल करताना बापाला तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकीत. त्यात लबाडी नव्हती. जन्माची नोंद घरापर्यंत न पोहोचवणाऱ्या राज्ययंत्रणेची ती खूण होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. तो पाड्यापर्यंत नीट पोहोचला नसेल तर त्याची शिक्षा धावणाऱ्या मुलीने का भोगावी?

मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण छायाचित्र काढून वय ठरवावे, असे म्हणणारे आहेत. त्या चाचणीचा उपयोग आहे, पण तिची मर्यादाही समजून घ्यावी. हाड हे जन्मतारीख सांगत नाही, ते शरीराची पक्वता सांगते. दीर्घकाळ पुरेसे अन्न न मिळालेल्या मुलांच्या हाडांची वाढ मागे राहते, उलट उत्तम पोसलेल्या मुलीची लवकर होऊ शकते. म्हणजे ही चाचणी कधी खऱ्या वयाच्या मुलीला मोठी ठरवील, तर कधी मोठीला लहान. अशा साधनाने एकटीने निकाल देऊ नये. शाळेची नोंद, अंगणवाडीची व लसीकरणाची नोंद, भावंडांची वये, असा सर्व पुरावा एकत्र पाहावा आणि निर्णय होईपर्यंत मुलीला धावू द्यावे. निकाल मागाहून बदलता येतो, हुकलेली शर्यत परत मिळत नाही.

वयाच्या वादाहून अधिक कठोर असा एक वाद जगभर चालू आहे. मुलींच्या गटात धावण्यास मुलगी कोणाला म्हणावे, हा तो वाद. तामिळनाडूच्या शांती सौंदरराजन यांनी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबातील ही मुलगी देशभर कुचेष्टेचा विषय झाली. ओडिशाच्या द्युती चंद यांना २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी संघातून वगळण्यात आले. शरीरात निसर्गतः असलेल्या संप्रेरकाचे प्रमाण अधिक, एवढाच त्यांचा दोष होता. त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. पुढे नियम पुन्हा बदलत गेले. पुरुष म्हणून वयात आलेल्या तृतीयपंथी स्त्रियांना जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये महिला गटातून वगळले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी स्त्री-खेळाडूंना एकदा जनुकीय चाचणी सक्तीची केली. अशाच स्वरूपाची चाचणी ऑलिंपिकमध्ये १९६८ साली आली होती आणि १९९९ मध्ये थांबविण्यात आली होती, हे येथे लक्षात ठेवावे.

या प्रश्नात दोन्ही बाजूंना खरे दुःख आहे. स्त्रियांसाठी वेगळा गट ठेवला नाही तर बहुतेक शर्यतींत स्त्रिया अंतिम फेरीलाही पोहोचणार नाहीत. म्हणून त्या गटाला सीमा असणे न्याय्य आहे. ती सीमा नेमकी कोठे आखावी, याविषयी शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत आणि प्रौढांच्या सर्वोच्च स्पर्धेला जो नियम लागू तोच बारा वर्षांच्या मुलींच्या शाळेतील शर्यतीला लागू करावा, असे मानण्याचे कारण नाही. मात्र सीमा कोठेही आखली तरी एक गोष्ट अमान्यच केली पाहिजे : प्रतिस्पर्धी मुलीच्या आईबापाने दुसऱ्या मुलीच्या अंगयष्टीकडे बोट दाखवून संशय घ्यावा आणि तिची तपासणी व्हावी. संशयाची नजर तटस्थ नसते. काळी, काटक, केस कापलेली, बोलण्यात रांगडी अशी जी मुलगी दिसते तिच्यावर ती आधी पडते. आणि आपल्याकडे अशी मुलगी बहुधा श्रमिकांच्या घरची असते.

आता मी या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. वय आणि शरीर यांवरून होणारे वाद आरंभरेषेवर पोहोचलेल्या मुलींबद्दलचे आहेत. जी तेथवर आलीच नाही तिच्या बाजूने हरकतीचा अर्ज कोण देतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५७ टक्के आहे. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी लागलेले होते. २०१९ च्या देशव्यापी कालविनियोग पाहणीत दिसले की बिनमोल घरकामात गुंतलेली स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७ मिनिटे. सरावाला लागतात दोन तास. ते या ताळेबंदातून कोठून काढायचे?

या भागात तर ऋतूच मुलींच्या विरुद्ध उभे असतात. आवणीच्या दिवसांत मुलगी शेतात चिखलात वाकलेली असते. शालेय स्पर्धांच्या पहिल्या फेऱ्या त्याच पावसाळ्याच्या सुमारास सुरू होतात. भात आणि नागली घरात आली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला निघतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलीला बरोबर नेतात. तालुक्याला जायचे तर एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाचा बुडालेला रोज एवढा खर्च पडतो. नाशिकच्या मुलीला वाटेल की, हरसूलची मुलगी डोंगरात वाढली, तिची फुप्फुसे तयार आहेत, हा तिचा अनुचित लाभच नव्हे काय! तिला कोणी सांगावे की, त्या फुप्फुसांच्या बदल्यात तिने काय काय दिले आहे.

पण मित्रहो, शहरी पालकांवर टीका करून टाळ्या मिळविण्यासाठी मी येथे आलेलो नाही. पालकांचा स्वार्थ पाड्यावरही आहे. मुलीने पाणी भरावे, गुरे पाहावीत, लग्नाचे वय झाले की सासरी जावे, आणि तोवर मैदानावर चड्डी-बनियन घालून लोकांच्या नजरेस पडू नये, असे म्हणणारा बाप आपल्या संघटनेचा सभासदही असू शकतो. गरिबीमुळे त्याच्या स्वार्थाचे कारण समजते. तेवढ्याने तो स्वार्थ मुलीच्या दृष्टीने न्याय्य होत नाही. शहरातील बाप मुलीच्या धावण्यातून फायदा पाहतो आणि पाड्यावरचा बाप तिच्या न धावण्यातून. दोघांच्याही हिशेबात मुलीला स्वतःला धावावेसे वाटते की नाही, हा रकानाच नसतो. धावण्याचा आनंद हा मुलीचा स्वतःचा हक्क आहे. तिने पदक मिळवले नाही तरी तो शाबूत राहिला पाहिजे.

मग पालकांचा स्वार्थ त्याज्यच मानावा काय? मी तसे म्हणणार नाही. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणसंस्थांतील स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला. त्यापूर्वी तेथील माध्यमिक शाळांच्या संघांत खेळणाऱ्या मुली सुमारे ३ लाख होत्या. पुढे ती संख्या ३० लाखांच्या वर गेली. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी भांडलेल्यांत आपल्या मुलीला मैदान नाकारले गेले म्हणून चिडलेले आईबाप पुष्कळ होते. इबोनिया वॉशिंग्टन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००८ मध्ये दाखवून दिले की, ज्या अमेरिकन लोकप्रतिनिधींना मुली अधिक, ते स्त्रियांच्या प्रश्नांवर, विशेषतः प्रजननविषयक हक्कांवर, अधिक उदार मतदान करतात. स्वार्थ हा अशा रीतीने न्यायाची पहिली पायरी होऊ शकतो. ‘माझ्या मुलीला मैदान हवे’ ही मागणी ‘मुलींना मैदान हवे’ येथपर्यंत पोहोचली की तिचे रूप पालटते. ती ‘माझ्या मुलीला, आणि तुझ्या मुलीला नको’ येथे अडली की तिचे विष होते. अर्थात सर्वच न्याय या पायरीने येत नाही. ज्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांनी लोकांच्या मुलींसाठी शेण आणि शिव्या झेलल्या.

कार्यकर्त्यांनी यातून काय करावयाचे, ते थोडक्यात सांगतो. पहिले काम जन्मनोंदीचे. पाड्यावरचे प्रत्येक मूल नोंदले जाईल आणि दाखला घरात येईल एवढे पाहिले तरी दहा वर्षांनी १ जूनचा वाद उरणार नाही. दुसरे, तालुका व जिल्हा स्पर्धांच्या तारखा आवणी व स्थलांतर लक्षात घेऊन ठरवाव्यात, आणि मुलींचे प्रवासभाडे व त्या दिवसाचे जेवण शासनाने द्यावे, अशी मागणी क्रीडा विभागाकडे आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे लावून धरावी. तिसरे, निवडीची वेळ, अंतर आणि क्रम त्याच दिवशी फलकावर लागावा. ज्याचे स्वतःचे मूल स्पर्धेत आहे त्याने निवड समितीवर बसू नये. चौथे, हरकत घ्यायची ती नाव घालून, पुराव्यासह. सुनावणी बंद खोलीत, मुलीच्या पालकांसमोर आणि स्त्री-शिक्षिकेच्या उपस्थितीत. खोटी हरकत घेणाऱ्यास समज. पाचवे, प्रशिक्षकाच्या हाती मुलीचे भवितव्य असते म्हणून त्याचे गैरवर्तन सोसणारे पालक आहेत. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगिरांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, तर पाड्यावरच्या मुलीने कोणाकडे जावे? तिच्या तक्रारीसाठी तालुक्यात एक विश्वासाची जागा असलीच पाहिजे.

आणि शेवटचे काम, जे मला सर्वांत मोलाचे वाटते. पदक मिळवील अशा एका मुलीचा शोध घेत हिंडण्यापेक्षा गावातील सगळ्या मुली संध्याकाळी तासभर खेळतील अशी जागा आणि वेळ मिळवा. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाच्या शाखा सुरू झाल्या, तेव्हा मुलामुलींनी एका मैदानावर खेळावे हे पाहून अनेक घरांत भुवया उंचावल्या होत्या. त्या मैदानावर सवलतीचे गुण नव्हते आणि राखीव जागाही नव्हत्या. सवलतीचे गुण रद्द करा, असे मी म्हणत नाही. गरीब मुलीला त्यांची गरज श्रीमंत मुलीपेक्षा अधिक आहे. पण ज्या गावात शंभर मुली खेळतात तेथे निवडीचा वाद सौम्य होतो, कारण खेळातून मिळणारी गोष्ट प्रत्येकीला थोडीतरी मिळालेली असते. जेथे दहाच खेळतात तेथे प्रत्येक क्रमांक हा जगण्या-मरण्याचा प्रश्न बनतो.

पुढच्या हंगामात तुमच्यापैकी कित्येकांना तालुक्याच्या मैदानावर उभे राहावे लागेल. काहींना कार्यकर्ते म्हणून आणि काहींना बाप किंवा आई म्हणून. हरकतीचा कागद हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारा की, ही मागणी मी समोरच्या मुलीसाठीही केली असती काय. आणि मैदानावर न आलेल्या मुलींची यादी करून त्यांच्या घरी जा. तुमच्या गावच्या शाळेच्या हजेरीपटावर ती यादी तयारच आहे.